अब्बांचा न धुतलेला रोल

कृष्णधवल फिल्म धुणाऱ्यांत डेव्हलपरवरून वाद होतातच. कुणाला डी-७६ हवा, कुणाला रॉडिनल. आम्हा दोघा भावांसाठी मात्र हा वाद हौसेचा राहिला नाही. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांच्या अ‍ॅगफा क्लिक-३ मध्ये एक पूर्ण काढलेला रोल निघाला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. बारा फोटो, निदान पस्तीस वर्षांपूर्वीचे. आमची मोठी आपा सहाव्या वर्षी वारली. घरात तिचा एकही फोटो नाही. अम्मीने रोल हातात घेऊन एवढेच विचारले, “यात असेल का रे ती?”

रोल एकदाच धुता येतो. म्हणून आम्ही घाई केली नाही.

रॉडिनल १८९१ पासूनचे. बाटली वर्षानुवर्षे टिकते, रेषा धारदार येतात. पण दाणाही ठसठशीत उठतो. जुनी फिल्म आधीच धुरकटलेली असते. त्यात दाणेदार चेहरा ओळखू कसा येणार? एचसी-११० धूसरपणा कमी ठेवते, म्हणून जुन्या रोलसाठी जाणकार तेच सुचवतात. आम्हाला ते मिळाले नाही. उरले १९२७ चे डी-७६. त्याचे सूत्र उघडे आहे : एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल आधी विरघळवायचे. सल्फाइटच्या दाट पाण्यात ते नीट विरघळत नाही. उर्दू शाळेत विज्ञान शिकवणाऱ्याला एवढे तोलणे अवघड नव्हते.

अवघड होते ते कात्री चालवणे. अंधारात टोकाचा एका फोटोएवढा तुकडा कापला. तोच आपाचा असता तर? पण चाचणीवाचून बाकीचे अकरा पणाला लागले असते. बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवून २० अंशांवर नऊ मिनिटे धुतला. भिंत दिसली, पण सगळ्यावर राखाडी पडदा. म्हणून उरलेल्या रोलसाठी थोडे पोटॅशियम ब्रोमाइड घातले. ते धूसरपणा आवरते. जास्त झाले तर फिकट चित्रही दाबून टाकते. तेव्हा अगदी बेताने.

अकरांपैकी सात ओळखू आले. चौथ्यात दोन वेण्यांची मुलगी, निम्मा चेहरा धुरात. अम्मी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “हीच.”

जे फिल्मवर उमटलेच नाही किंवा काळाने पुसले, ते कुठलाही डेव्हलपर परत आणत नाही. जे उरले आहे त्याला जपून वर येऊ देणे, एवढेच त्याचे काम. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, मूल पाहून पद्धत ठरवा. चांगला डेव्हलपर कोणता, असे आता कुणी विचारले तर आम्ही आधी विचारतो, फिल्म कोणती आहे आणि तिच्यात कोण आहे?