मेलेल्या जंतूंचा ताप

औषधाचे तिसरे पाकीट संपत आले होते, तेव्हा त्याचे दुखणे खऱ्या अर्थाने सुरू झाले.

निदानाच्या वेळी त्रास असा फारसा नव्हताच. कानाच्या पाळ्या किंचित जाड, भुवया कडेला विरळ आणि डाव्या हाताची करंगळी थोडी बधिर. पदार्थविज्ञानात पीएच.डी. करणारा, सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत मामा-मामींकडे राहणारा तो सव्वीस वर्षांचा मुलगा हे सारे जागरणांवर ढकलत आला होता. अखेर रिंग रोडपलीकडच्या एका सरकारी रुग्णालयात त्वचेला बारीक छेद देऊन नमुना घेतला गेला आणि उत्तर मिळाले : कुष्ठरोग.

तो मूळचा वरोऱ्याचा. बाबा आमटे यांचे आनंदवन घरापासून सायकलच्या अंतरावर. या रोगाला घाबरायचे नसते, हे त्याला शाळेपासून पाठ होते. तरीही त्या संध्याकाळी तो बाजाराच्या गर्दीत दोन तास नुसता फिरत राहिला. कारण घरी जाऊन मामींच्या शेजारी ताट मांडून बसावे की नाही, हे त्याला ठरवता येईना. मामींनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "हात धुऊन ये, पोळी गार होतेय." पुढे मामा-मामींचीही तपासणी झाली, प्रतिबंधासाठी दोघांना रिफाम्पिसिनची एकेक मात्रा मिळाली.

तीन महिन्यांनी एका रात्री १०३ अंश ताप चढला. नडग्यांवर आणि हातांवर लालभडक, ठणकणाऱ्या गाठी उठल्या. चादरीचा स्पर्शही सोसवेना. डाव्या कोपराच्या आतून जाणारी नस विजेची तार लागावी तशी झिणझिणू लागली. गोळ्यांपूर्वी हे काहीच नव्हते, गोळ्यांनंतर हे सारे आले, तेव्हा कारण गोळ्याच, असा निष्कर्ष त्याने काढला. प्रयोगशाळेत इतक्या घाईने त्याने कधीच निष्कर्ष काढला नसता. दोन दिवस पाकीट खणात पडून राहिले.

"गोळ्या का राहिल्यात रे?" मामींनी विचारले.

"मामी, त्या घेतल्यापासूनच हे सुरू झालंय."

"मग तसं डॉक्टरांना सांग. आपल्या मनानं बंद करायचं नाही."

दुसरा दिवस सोमवार, बाजाराच्या सुट्टीचा. ओसाड रस्त्यावरून रिक्षा लवकर पोहोचली. डॉक्टरांनी आधी त्याची बोटांची पकड पाहिली, नायलॉनच्या तंतूने तळहाताची संवेदना तपासली आणि मग सांगितले की ही 'टाइप २ रिॲक्शन' आहे. औषध बाधले असा तिचा अर्थ नव्हे. जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष शरीरातच राहतात. त्या अवशेषांवर रोगप्रतिकारशक्ती तुटून पडते आणि दाह उसळतो. मूळ औषधे चालूच ठेवायची आणि दाह आवरण्यासाठी प्रेडनिसोलोन घ्यायचे.

त्या रात्री त्याने वहीत गणित मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये सुचवलेल्या बहुविध औषधोपचारातील रिफाम्पिसिनची एकच मात्रा काही दिवसांत ९९.९ टक्क्यांहून अधिक जिवंत जंतू मारते. म्हणजे लॉगच्या मोजपट्टीवर तीन पायऱ्यांची घसरण. परंतु त्वचेच्या नमुन्यात जिवंत आणि मेलेले असे सगळेच जंतू मोजणारा निर्देशांक वर्षाला जेमतेम एक पायरी उतरतो. त्याचा निर्देशांक ५ होता. उपचार १२ महिन्यांचा. झाडलोट मात्र चार-पाच वर्षांची. निर्देशांक ४ किंवा त्याहून अधिक असलेल्यांना या उद्रेकाचा धोका जास्त का असतो, हेही त्यातून उलगडले.

अशी उदाहरणे अन्य रोगांतही आहेत. सिफिलिसच्या उपचारातील असाच भडका यारिश यांनी १८९५ मध्ये आणि हेर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये नोंदवला. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगातही काही रुग्णांना प्रतिजैविक सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत ताप आणि थंडी वाजून येते. फरक घड्याळाचा आहे. तो भडका साधारण दिवसाभरात निवतो. कुष्ठरोगातला महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे परतत राहतो.

परतलाच. प्रेडनिसोलोनची मात्रा उतरवत आणली की गाठी पुन्हा उठत. त्याने कपाटाच्या दाराच्या आत तीन ओळी चिकटवल्या. नवी बधिरता, हातापायाची कमजोरी किंवा डोळा लाल होऊन दुखणे : त्याच दिवशी रुग्णालय. स्टेरॉइड एकाएकी थांबवायचे नाही. जंतूंच्या गोळ्या कोणत्याही कारणाने चुकवायच्या नाहीत. त्याखाली रोजचा ताप, गाठींची संख्या आणि पकडीची नोंद. वाईट दिवसांत कोपर आधारपट्टीत ठेवून, वाचन सोडून तो पडून राही. आलेखातली शिखरे पूर्वीइतकीच उंच होती. मात्र दोन शिखरांमधले अंतर हळूहळू वाढत गेले. पहिल्या उद्रेकात गेलेली करंगळीची संवेदना अर्धीच परतली. ते दोन दिवस वाया गेले नसते तर ती पूर्ण परतली असती का, याचे उत्तर त्याच्या वहीत नाही.

बाराव्या पाकिटानंतर त्याच्या कार्डावर 'उपचार पूर्ण' अशी नोंद झाली. चौदाव्या महिन्यात पुन्हा ताप आला आणि नडगीवर चार गाठी उठल्या. त्याने वहीत तारीख लिहिली, बोटांची पकड तपासली आणि सकाळी रुग्णालयात नेण्याचे कागद पिशवीत भरले.

"पुन्हा आलं का रे?" मामींनी स्वयंपाकघरातून विचारले.

"हो," तो म्हणाला, आणि ताटे मांडायला घेतली.