उकिरडा कोणाचा, कमाई कोणाची?

"एवढा शिकून आता अळ्याच पाळून राहिला काय रे?" आईने विचारलं. समाजशास्त्रात एम.ए. करूनही मला चटकन उत्तर सुचलं नाही.

राजुऱ्यात घरामागे एका ड्रममध्ये मी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाढवतो. ही घरमाशी नव्हे. मोठी माशी चावत नाही. अळी मात्र भाजीची देठं, शिळा भात, फळांच्या साली दोनेक आठवडे अधाशासारखी खाते. पुरती वाढली की काळपट होते आणि कोरडी जागा शोधत आपणच वर चढते. तिथे तिरपी फळी लावली की बाहेरच्या डब्यात पडते. वाळवलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. कोंबड्या तुटून पडतात, उरलेलं खत वांग्यांना. ओल वाढली की वास सुटतो, मग धानाचा कोंडा मिसळायचा. मे महिन्यात ड्रम उन्हात राहिला आणि एका दुपारीत सगळ्या अळ्या मेल्या. चंद्रपूरचं ऊन!

आता हिशेब. १० किलो ओल्या कचऱ्यातून फार तर २ किलो ताज्या अळ्या निघतात. आमच्या घरी दिवसाला अर्धा किलो कचरा, म्हणजे १०० ग्रॅम अळ्या. कोंबड्यांच्या दाण्याचे पैसे वाचतात, संसार चालत नाही. उत्पन्न हवं तर शंभर घरांचा कचरा हवा. तो उचलणार कोण?

एका प्रशिक्षणात साहेब म्हणाले, "तुमच्या वस्तीतल्या बचतगटांसाठी हा धंदा उत्तम." आमच्याच वस्तीतल्या का? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस आणि उष्टं अन्न सोडायला सांगितलं. आमच्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ते सोडलं. तेच उष्टं आता योजना बनून दारात येत असेल तर आईला राग येणारच.

माझा विरोध अळ्यांना नाही. घनकचरा नियमांप्रमाणे ओला-सुका वेगळा करणं ही ज्याचा कचरा त्याचीच जबाबदारी आहे. मग प्रत्येक घराने तो वेगळा करून द्यावा, उचलण्याचे पैसे द्यावेत. शेड आणि विक्रीचा करार गटाच्या नावावर असावा, आणि गटात सगळ्या जातींच्या बाया असाव्यात. नाहीतर काचा नि घाण निवडायला आमच्या बायांचे हात, आणि नफा पुरवठादाराचा.

आई आता कोंबड्यांना अळ्या स्वतः टाकते. दुसऱ्याचं खरकटं मात्र अंगणात येऊ देत नाही.

मागच्या बैठकीत मी मागणी केली: पहिला ड्रम साहेबांच्या कॉलनीत ठेवा. तारीख अजून ठरलेली नाही.