आर्द्रा नक्षत्रातला संथ सूर्य

लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत ‘नीट’ची तयारी करणारी मुलं एक गणित हमखास सोडवतात: सूर्याजवळ असताना ग्रहाचा वेग इतका, तर दूर असताना किती? अंतर गुणिले वेग दोन्हीकडे सारखं धरायचं, उत्तर निघतं. धड्याचं नाव कोनीय संवेगाची अक्षय्यता. यातल्या कितीतरी मुलांच्या घरी हेच गणित पंचांगात आहे, आणि ते त्यांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी पावसाळा नक्षत्रांनी मोजतो. ७-८ जूनला मृग लागतो, सोयाबीनच्या पेरणीची घालमेल सुरू होते; मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य. पाऊस दगा देईल, पण नक्षत्राची तारीख देत नाही. आर्द्रा ओलांडायला सूर्याला जवळपास १४ दिवस लागतात. डिसेंबरातलं मूळ मात्र तो सुमारे १३ दिवसांतच पार करतो. दोन्ही नक्षत्रांची रुंदी तर सारखीच, १३ अंश २० कला. मग हा एक दिवस आला कुठून? सूर्य नक्षत्रांतून सरकताना दिसतो तो पृथ्वी त्याच्याभोवती फिरते म्हणून; उत्तर तिच्या वेगात आहे.

सूर्य आर्द्रेत असताना, ४ जुलैच्या सुमारास, पृथ्वी त्याच्यापासून सर्वांत लांब असते: १५ कोटी २१ लाख किलोमीटर. वेग सेकंदाला २९.२९ किलोमीटर. जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालून बसतो तेव्हा, ती सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाखांवर असते आणि ३०.२९ च्या वेगाने धावते. (थंडी-ऊन अंतरावर नाही, आसाच्या कलण्यावर ठरतं.) गुणून पाहा, दोन्ही गुणाकार जुळतात. सूर्याची ओढ नेमकी सूर्याच्याच दिशेने असते. ती पृथ्वीला बाजूने रेटत नाही, म्हणून कोनीय संवेग ना वाढतो ना घटतो.

सूर्याची ही मंद-शीघ्र चाल आपल्या ज्योतिर्विदांना ठाऊक होती. पाथरीच्या ज्ञानराजांनी १५०३ साली ‘सिद्धान्तसुंदर’ रचला, त्या परंपरेत तिचं गणित चोख होतं. सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते हा नियम केप्लरने १६०९ मध्ये मांडला, कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिलं.

शिक्षकांनो, हा धडा शिकवाल त्या दिवशी मुलांना घरचं पंचांग आणायला सांगा. आर्द्रेचे आणि मुळाचे दिवस त्यांना स्वतः मोजू द्या.