निकालानंतरची पानं

१३ मे २०२५
दहावीचा निकाल दुपारी एकला लागला. तेव्हापासून पालकांचे फोन. बहुतेकांचं एकच, "सर, एवढ्या टक्क्यांत सायन्स मिळेल का?" पोराला काय जमतं, हे कुणीच विचारलं नाही. यंदापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन. दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याआधी घरात हे बोलणं व्हायला हवं.

१५ मे
मागच्या बाकावरच्या पोराचे वडील आले. विज्ञानात बेताचे गुण. "ह्याला कशातच गती नाही, सर." मी विचारलं, विहिरीवरची मोटर बंद पडली की कोण बघतं? "हाच की."
मग पोरालाच बोलतं केलं. स्टार्टर दाबल्यावर मोटर नुसती गुणगुणली, फिरलीच नाही, तर एक फेज गेला समजायचं. लगेच बंद करायची, नाहीतर वाइंडिंग जळतं. मग आधी फ्यूज बघायचे, नंतर स्टार्टरचे पॉइंट, शेवटी केबल. वर्गात मान खाली घालून बसणारा पोरगा न अडखळता सांगत होता. आवाजावरून दोष हेरायचा, धीराने एकेक शक्यता बाद करायची, विजेपाशी सावध राहायचं: एवढं अंगात असलेल्याला गती नाही कसं म्हणायचं? गुणपत्रिकेत याला रकाना नाही, इतकंच.

१६ मे
२०१६ साली बोर्डाने दहावीला कलमापन चाचणी आणली. पाऊल चांगलंच होतं. पण कल म्हणजे आवड, आणि आवडतं ते जमतंच असं नाही. म्हणून मी मुलांना विचारतो, घरातलं कोणतं काम हटकून तुलाच सांगतात? एक मुलगी म्हणाली, आईच्या बचत गटाचं रजिस्टर. हप्ते, व्याज, शिल्लक, सगळा ताळा तीच जुळवते. ती कॉमर्सला जातेय.

२० मे
बापलेक पुन्हा आले. आयटीआय, इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं. पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे कळल्यावर वडील सैलावले. आयटीआय म्हणजे ढ पोरांची जागा, हा समज गावोगावी घट्ट बसलाय. तो साफ खोटा आहे.
उद्याच्या पालकसभेत एवढंच सांगणार आहे: अर्ज भरण्याआधी शेजाऱ्यांना विचारा, तुमच्या पोराला ते कोणत्या कामासाठी हाक मारतात.