साखरेचा कारखाना

पुण्यात शिक्षकपदाची मुलाखत चालली होती. वडील काय करतात, असं इंग्रजीत विचारलं. मी म्हणालो, शुगर फॅक्टरीत आहेत. समोरचे गृहस्थ हसले. “अच्छा, म्हणजे अख्खा कारखाना साखरेचा बांधलाय?” बाकीचेही हसले. विनोद कळला नाही, तरी मीही हसलो. नोकरी मिळाली नाही. त्या वेळी वडिलांचा सात महिन्यांचा पगार थकलेला होता.

विनोद कळायला दोन वर्षं लागली. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात ‘टॉय फॅक्टरी’ भेटली. ‘टॉय’वर जोर दिला तर खेळणी बनवणारा कारखाना, ‘फॅक्टरी’वर दिला तर खेळण्यातला कारखाना! मी बहुधा ‘फॅक्टरी’वर जोर दिला होता. शु-गर-फॅक-ट-री, पाच तुकडे. मुख्य आघात पहिल्या ‘शु’वर हवा. ‘ब्लॅकबोर्ड’चंही तेच. ‘ब्लॅक’वर जोर म्हणजे शाळेतला फळा, मग तो हिरवा का असेना. ‘बोर्ड’वर जोर गेला की कुठलीही काळी फळी. पण ‘अ‍ॅपल केक’मध्ये जोर ‘अ‍ॅपल’वर आणि ‘अ‍ॅपल पाय’मध्ये ‘पाय’वर. इथे तर्क विचारू नये.

आपले कान वेगळ्या शाळेत शिकलेले. यमाताराजभानसलगम् घोकून आम्ही लघु-गुरू मोजायला शिकलो, म्हणजे अक्षर किती वेळ घेतं ते. ते किती जोरात आपटायचं, हा प्रश्नच नव्हता. मराठीत ‘साखर कारखाना’ कुठेही दाबून म्हणा, अर्थ हलत नाही. विग्रह केला, ‘साखरेचा कारखाना’, तर साखरेपासून बनलेला असा अर्थ निघूही शकतो. पण प्रवरानगरला 1950-51 साली सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला त्या आमच्या नगर जिल्ह्यात तो अर्थ कुणाच्या डोक्यात येणार?

मग एकदा तो किस्सा वडिलांना सांगितला. ते गव्हाणीवर कामाला होते. म्हणाले, “साखरेचा असता तर मुंग्यांनी कधीच खाल्ला असता.” थोडं थांबून म्हणाले, “तसा खाल्लाच म्हणा.” सातांपैकी चार महिन्यांचे पैसे पुढे मिळाले, तेही हप्त्यांनी.

आता मी तालुक्यातल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवतो. दरवर्षी जून संपता संपता फळ्यावर ‘शुगर फॅक्टरी’ लिहितो. पोरं बाकावर ठोके देतात: पहिला मोठा, मग चार हलके. दोन-तीन दिवसांत जमतं. मला मात्र बोलताना अजून आधी मनात एक ठोका द्यावा लागतो.