हरवलेल्या आगकाड्या

आगकाड्या. दादासाहेब फाळक्यांच्या, १९१५ सालातल्या. 'आगकाड्यांची मौज' या नावाची एक छोटी फिल्म त्यांनी केली. काड्या आपोआप सरकतात, एकत्र येतात, आकार घेतात. आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनची सुरुवात सांगताना हे नाव घ्यावंच लागतं. त्या फिल्मचा एक फूटही आज कुठे नाही.

ती जन्मली अडचणीतून. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले, तिथे वाहवा झाली. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. भांडवलदारांनी हात आखडता घेतला. कच्ची फिल्म विलायतेहून यायची. ती महागली, मिळेनाशी झाली. मोठा पौराणिक चित्रपट काढणं शक्य नव्हतं. मग नट नको, पोशाख नको, पडदे नकोत, अशी कोणती गोष्ट उरते? काडेपेटी.

मूकपट साधारण सेकंदाला १६ फ्रेम या वेगाने चालत, आणि ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात फ्रेम बसतात १६. म्हणजे एक फूट, एक सेकंद. काडी जराशी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक फ्रेम टिपायची. पुन्हा काडी, पुन्हा फ्रेम. दर फ्रेमला काडी हलवली तर मिनिटभराच्या खेळाला ९६० वेळा. हात चुकून लागला, काडी घरंगळली, की आधीचं सगळं वाया; आणि वाया घालवायला तर फिल्मच नाही. 'राजा हरिश्चंद्र'चं कौतुक व्हायलाच हवं, पण फाळक्यांची चिकाटी मला या काड्यांत जास्त दिसते.

वाटाणा. त्याही आधीचा, १९१२चा. कुंडीत लावला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची रोज थोडीथोडी फिल्म घेतली. पडद्यावर अंकुर डोळ्यांदेखत वर आला, वेल चढली. ती फिल्म पाहून सावकाराचं मन वळलं, म्हणून 'हरिश्चंद्र' उभा राहिला. हरिश्चंद्राची पहिली आणि शेवटची रिळं म्हणून जी जपली आहेत, ती तरी पाहता येतात. वाटाणा गेला.

'लक्ष्मीचा गालिचा'. हीही फाळक्यांचीच छोटी फिल्म. आता फक्त याद्यांमधलं नाव.

'जंबूकाका'. प्रभातचं कार्टून, पुणे, १९३४. रघुनाथ केळकरांचं काम. कोल्हा हातांनी काढलेला, फ्रेममागून फ्रेम. याचंही नावच घ्यायचं.

ही रिळं गेली कशी? जुनी फिल्म नायट्रेटची. ती आधी पिवळी पडते, मग चिकट होते, थर एकमेकांना धरतात, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. कुजायला लागलेलं नायट्रेट ४१ अंशांच्या आसपास बराच काळ राहिलं तर आपोआप पेटू शकतं. अकोल्याचा मे महिना ४५च्या पुढे जातो, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल! जे पेटलं नाही ते चांदीसाठी गेलं: फिल्म धुऊन चांदी काढायची आणि उरलेली पट्टी भंगारात. तेराशेच्या वर मूकपट या देशात निघाले. हाती आहेत ते जेमतेम तीसेक, त्यांतलेही बरेच तुकड्यांत.

आता आपल्या वऱ्हाडातलं. मध्यप्रांत-वऱ्हाड सर्किटचं वितरण चालायचं अमरावती आणि भुसावळातून. अमरावतीच्या वितरकाकडून प्रिंटची पेटी निघायची: पत्र्याची, कोपऱ्यांना चेंबलेली, वर रंगाने लिहिलेलं चित्रपटाचं नाव, आत गोल डबे, डब्यावर रिळाचा नंबर. बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला, पुढे तालुक्याला, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजला. शेवटच्या गावी पोचेपर्यंत प्रिंट रेघोट्यांनी भरलेली. डिजिटल आलं आणि पेटी थांबली.

तिच्यासोबत गेलं ते: प्रोजेक्टरचे तांब्याचा मुलामा दिलेले कार्बन, ज्यांची थोटकं पोरं जमा करत. तुटलेल्या फिल्मचे तुकडे, जे पुठ्ठ्याच्या खोक्याला भिंग लावून, आरशाने ऊन आत टाकून भिंतीवर पाहिले जात. ऑपरेटरचं फिल्म जोडायचं सिमेंट आणि ब्लेड. अमरावतीत टॉकीजवरून पडलेली चित्रा चौक, श्याम चौक ही नावं मात्र अजून रिक्षावाल्याला कळतात.

वितरकांच्या त्या जुन्या खोल्या, बंद टॉकीजचे माळे, वाड्यांतल्या कोठ्या अजून पुरत्या तपासलेल्या नाहीत. आगकाड्या तिथे सापडतीलच असं नाही. पण सर्किटचं ठाणं होतं त्या गावात काहीच उरलं नसेल, हे मी मानायला तयार नाही.

म्हणून वऱ्हाडातल्या वाचकांना विनंती. घरात किंवा ओळखीच्या टॉकीजमध्ये १९५०च्या आसपासची वा त्याआधीची रिळं असतील तर भंगारवाल्याला देऊ नका, आणि हौसेने प्रोजेक्टरवर चढवूही नका. डबा थंड, हवेशीर जागी, विस्तवापासून आणि घरातल्या माणसांपासून दूर ठेवा. वरचं नाव, नंबर लिहून घ्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. डबा कसा हलवायचा, ते त्यांनाच विचारा. हे काम पुढच्या उन्हाळ्याआधी करा.