लिंक असलेल्या कोणालाही

आम्ही पाथर्डीच्या वसतिगृहात शिकत होतो, तेव्हा आमच्यापैकी अनेकांचे आईवडील दसरा उलटला की ऊसतोडीला जात. स्नेहसंमेलनात त्यांच्या जागा रिकाम्या असत. पुढे आमच्या एका वर्गमित्राने शाळेची जुनी छायाचित्रे स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर ठेवली आणि लिंक सर्वांना पाठवली. अजूनही तोडीला जाणाऱ्या काही मातांनी कारखान्याच्या तळावर, कोपीसमोर बसून आपल्या लेकरांची नाटकातली सोंगे वीसेक वर्षांनी प्रथमच पाहिली.

१३ सप्टेंबर २०२१ रोजी गूगलने ड्राइव्हमधील काही जुन्या लिंकांना जादा सुरक्षा-कळ जोडली. फाइल आधी पाहिलेल्यांना ती दिसत राहिली. जुन्याच लिंकने नव्याने येणाऱ्यांना मात्र मालकाची परवानगी मागणे भाग पडले. त्या बातमीने सावध होऊन मित्राने आमचे फोल्डर तपासले. छायाचित्रांशेजारीच आम्ही शाळा सोडल्याचे आणि जातीचे दाखले ठेवले होते, आणि परवानगी होती ‘लिंक असलेल्या कोणालाही’. हलगर्जी आमचीच होती. त्याने सारे फोल्डर बंद केले. “निवडून निवडून पुन्हा मोकळे करू,” असे तो म्हणाला.

ते राहून गेले. पुढच्याच वर्षी तो आपल्यातून गेला. नंतरची प्रत्येक विनंती कोणीही न उघडणाऱ्या त्याच्या ई-मेलमध्ये पडत राहिली. “फोटो कुठं गेले रं बाबा?” असे एका मातेने विचारले, तेव्हा आम्हांला उत्तर सुचले नाही.

मे २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबरपासून काढून टाकली जाऊ शकतील. तेव्हा आम्ही वहिनींकडे गेलो. त्यांनी कपाटातला त्याचा फोन काढून चार्जिंगला लावला. फोनचे कुलूप त्यांना ठाऊक होते. त्या रात्री आम्ही सारे उतरवून घेतले.

आता छायाचित्रांसाठी स्वतंत्र खाते आहे. ती लिंकने कोणालाही पाहता येतात, पण बदलता येत नाहीत. दाखले वेगळ्या फोल्डरमध्ये असून ज्याचा दाखला त्यालाच तो दिसतो. खाते निष्क्रिय झाल्यास कोणाला कळवावे, हेही आम्ही नोंदवले आहे. ही सोय २०१३ पासून होती. आम्हीच तिकडे पाहिले नव्हते.

या स्मरणिकेतील छायाचित्रे त्याच संग्रहातील आहेत. नाटकाच्या छायाचित्रात उजव्या टोकाला, हाती भाला घेऊन उभा आहे, तो आमचा मित्र.